वाचकांचे प्रश्न : छतावरच्या कवडशाचे घड्याळ

अंगणात काठी रोवून सावलीवरून वेळ काढण्याची पद्धत गेल्या अंकात दिली होती. त्यावर बेळगाव, खानापूर, निपाणी भागातून पत्रे आली. बहुतेकांची तक्रार एकच : फ्लॅटमध्ये अंगण आणायचे कुठून? त्याऐवजी खिडकीतल्या आरशाचा कवडसा छतावर पाडून घड्याळ करता येईल का, असे अनेकांनी विचारले. येते, आणि काठीपेक्षा चांगले येते. खालची सगळी मापे बेळगाव शहरासाठी आहेत (अक्षांश १५° ५१′ उत्तर, रेखांश ७४° ३०′ पूर्व). आसपासच्या गावांचा फरक पुढे दिला आहे.

प्रश्न : आमच्या खोलीला दक्षिणेकडे खिडकी आहे, वर सपाट स्लॅब आहे. हे घड्याळ नेमके चालते कसे आणि सामान काय लागेल?
— एक वाचक, शहापूर

आरसा खिडकीच्या पट्टीवर अगदी आडवा ठेवायचा, काचेची बाजू आकाशाकडे. सूर्य क्षितिजापासून जितका वर असेल तितक्याच कोनात किरण विरुद्ध दिशेला छताकडे चढतो. जमिनीवर उभ्या केलेल्या काठीच्या टोकाची सावली जशी फिरते, तसाच हा कवडसा छतावर फिरतो. इथे काठीची उंची म्हणजे आरशापासून छतापर्यंतचे अंतर. सूर्य पूर्वेकडून पश्चिमेकडे, म्हणून कवडसा पश्चिमेकडून पूर्वेकडे. सावलीचे टोक पुसट असते, कवडसा मात्र गोल आणि ठसठशीत पडतो. दोन मीटर उंचीचे घड्याळ घरात मावते, हा फायदा वेगळाच. युक्ती जुनी आहे : रोमच्या पलात्झो स्पादा या वाड्यामध्ये इमॅन्युएल मेन्यां या फ्रेंच धर्मगुरूने १६४४ मध्ये असे घड्याळ केले, आणि फ्रान्समधल्या ग्रेनोबलच्या एका विद्यालयाच्या जिन्यात १६७३ मधले असेच घड्याळ आहे.

आरसा साधा चालतो. फोटोफ्रेमवाल्याकडे कापून उरलेला दोन सें.मी.चा तुकडा मागून घ्या. त्यावर काळी इन्सुलेशन टेप लावून मध्ये ८ ते १० मि.मी.ची जागा उघडी ठेवा. पुठ्ठा वापरू नका, त्याच्या जाडीची सावली आरशावरच पडते. उघडी जागा चौकोनी राहिली तरी कवडसा गोलच दिसतो, कारण छतावर पडते ती सूर्याचीच प्रतिमा. तिचा व्यास किरणाच्या लांबीच्या सुमारे १०८ व्या भागाइतका असतो. अडीच मीटर लांबीला साधारण २.३ सें.मी., त्यात आरशाची रुंदी मिळवा, म्हणजे सव्वातीन सें.मी.चा कवडसा झाला. तीन-चार सें.मी.चा आरसा लावला तर कवडसा झगझगीत पण चौकोनी आणि फिसकटलेला येतो. मग मध्य सापडत नाही. काचेचा चकचकीत थर मागच्या बाजूला असतो, त्यामुळे वरच्या पृष्ठभागाचा एक फिकट जोडकवडसा पडतो. तीन मि.मी. काचेत तो दोन-तीन मि.मी.च सरकलेला असतो, त्याकडे दुर्लक्ष करा.

बैठकीसाठी ८ सें.मी. बाजूचा प्लायवूडचा जाड तुकडा, त्याला खालून तीन एम-४ बोल्ट आणि नट. चार नकोत, चार पायांचे काहीही डुगडुगते. शिवाय ओळंबा, मोजपट्टी, गुण्या, गवंड्याची लाइनदोरी, एक उथळ काळी ताटली आणि शेवटी पक्के करायला एम-सील.

प्रश्न : आरसा पट्टीवर सरळ चिकटवला. २१ डिसेंबरला दुपारी कवडसा खिडकीपासून जिथे पडायला हवा होता त्याच्या १३ सें.मी. अलीकडे पडला. मोजण्यात चूक असेल का?
— एक वाचक, अनगोळ

मोजणी बरोबर असावी, पट्टी उतरती आहे. पावसाचे पाणी बाहेर जावे म्हणून गवंडी खिडकीच्या कडाप्प्याला बाहेरच्या बाजूला उतार देतात, आणि द्यायलाच हवा. उतार ५० ला १ धरला तर आरसा एका अंशाहून थोडा जास्त कलतो. परावर्तनात हा कल दुप्पट होतो, किरण सव्वादोन अंश जास्त चढतो आणि दोन मीटर उंच छतावर कवडसा १३ सें.मी. खिडकीकडे सरकतो. तुमचा २१ डिसेंबरचा कवडसा १४ जानेवारीच्या जागी पडतो आहे.

या घड्याळात बाकी सगळे क्षम्य आहे, आरशाची पातळी नाही. स्लॅब मध्ये एक सें.मी. झोललेला असला तरी दुपारचा कवडसा आठेक मि.मी.च हलतो. पण आरशाच्या ८ सें.मी. रुंद बैठकीच्या पूर्वेकडच्या कडेखाली वहीचा एक कागद (०.१ मि.मी.) सरकवा, वेळ अर्ध्या मिनिटाने चुकते. म्हणून थेट चिकटवायचे नाही. तीन बोल्टांवर बैठक ठेवायची. एम-४ बोल्टचा आटा ०.७ मि.मी.चा असतो, पाव फेरा दिला की सुमारे सव्वा मिनिटाचा फरक पडतो, म्हणजे हाताने सहज साधता येतो.

लहान पाणसळ इथे पुरत नाही. किल्लीच्या जुडग्याला लावतात तसली तर अजिबात नाही. पातळी पाण्यानेच तपासा. काळ्या ताटलीत पाणी घेऊन ती आरशाच्या पूर्वेला ठेवा, पाण्याचा पृष्ठभाग आरशाच्या उंचीला आणा आणि आरशाएवढेच भोक पाडलेली टेप किंवा पत्रा पाण्याच्या अगदी वर धरा. पाणी दोन-तीन टक्केच प्रकाश परत फेकते, त्यामुळे पडदे ओढून खोली अंधारी करा. पंखा बंद हवा. छतावर आता दोन कवडसे दिसतील, एक ठळक, एक फिकट. आरशाचा मध्य आणि पाण्यावरच्या भोकाचा मध्य यांत १० सें.मी. अंतर असेल तर दोन्ही कवडशांतही नेमके १० सें.मी., त्याच दिशेला हवे. तसे होईपर्यंत बोल्ट फिरवा. पाणी कधी कललेले नसते, त्यामुळे वाद उरत नाही. मग बैठकीच्या कडांना एम-सील भरा आणि ते वाळल्यावर परीक्षा पुन्हा घ्या. एम-सील वाळताना बैठक किंचित ओढते.

परीक्षेला पाण्याऐवजी पारा वापरावा का, असेही एकाने विचारले आहे. नको. त्याची वाफ विषारी असते, घरात त्याचे काम नाही.

प्रश्न : तासांच्या रेषा कशा आखायच्या? गणित न करता आकडे मिळतील का?
— एक वाचक, टिळकवाडी

आकडे देतो, पण आधी उत्तर-दक्षिण रेषा. मोबाइलच्या होकायंत्रावर ती काढू नका, खिडकीचे गज आणि स्लॅबमधले लोखंड सुई भरकटवतात. सूर्यालाच विचारा. बेळगाव भारतीय प्रमाणवेळेच्या रेखांशापासून (८२° ३०′, मिर्झापूरजवळून जाणारा) बरोबर ८ अंश पश्चिमेला आहे. एक अंशाला ४ मिनिटे, म्हणून आपला सरासरी मध्यान्ह (सूर्य बरोबर उत्तर-दक्षिण रेषेवर येण्याची वर्षभराची सरासरी वेळ) १२ ला नाही, १२ वाजून ३२ मिनिटांनी होतो. २५ डिसेंबरला खरा मध्यान्हही नेमका त्याच वेळी असतो. २१ ला १२:३०, २९ ला १२:३४. हाच आठवडा कामाला उत्तम, कारण या दिवसांत कवडसा उत्तर-दक्षिण जवळपास हलत नाही. १४ ते २१ डिसेंबरच्या आठवड्यात तो दीड सें.मी.च सरकतो.

मध्यान्हाच्या क्षणी कवडशाच्या मध्यावर पेन्सिलीने खूण करा. आता अडचण : आरसा भिंतीच्या जाडीत आहे, त्याच्या थेट वर छत नाही, लिंटेल आहे. म्हणून आरशाच्या मध्यापासून त्या खुणेपर्यंत दोरा ताठ ओढून धरा आणि छतावरून ओळंबा असा सोडा की त्याची दोरी या दोऱ्याला जेमतेम स्पर्श करेल. ओळंब्याचा छतावरचा बिंदू आणि कवडशाची खूण जोडली की उत्तर-दक्षिण रेषा मिळाली. खिडकी बरोबर दक्षिणेला नसली तरी ही रेषा चुकत नाही.

समजा आरशापासून छत २०० सें.मी. वर आहे. मध्यान्हाची ही खूण आरशाच्या थेट वरच्या बिंदूपासून उत्तरेला १६४ सें.मी.वर असते. त्या रेषेवर खिडकीकडे १०७ सें.मी. मागे या. तिथे गुण्या किंवा ३-४-५ च्या दोरीने (३, ४, ५ अशा मापांच्या बाजूंचा त्रिकोण) काटकोन करून पूर्व-पश्चिम सरळ रेषा मारा. ही संपातरेषा : २१ मार्च आणि २३ सप्टेंबरला कवडसा दिवसभर याच सरळ रेषेवर चालेल (तुमच्या खिडकीत तो दिसेलच असे नाही, पण आखणीला रेषा लागते). आता प्रत्येक तासासाठी दोन खुणा. पहिला आकडा संपातरेषेवर, मधल्या रेषेपासून किती दूर. दुसरी जोडी २१ डिसेंबरची : मधल्या रेषेपासून किती दूर, आणि आरशाच्या वरच्या बिंदूपासून उत्तरेला किती. सगळे सें.मी.मध्ये, वेळ भारतीय प्रमाणवेळ :

सकाळी १० : पश्चिमेला १६२; पश्चिमेला १९३, उत्तरेला १९८
११ : पश्चिमेला ८८, पश्चिमेला १०२, उत्तरेला १७४
१२ : पश्चिमेला २९, पश्चिमेला ३३, उत्तरेला १६५
दुपारी १ : पूर्वेला २६, पूर्वेला २९, उत्तरेला १६५
२ : पूर्वेला ८४; पूर्वेला ९७, उत्तरेला १७३
३ : पूर्वेला १५७, पूर्वेला १८५, उत्तरेला १९५

प्रत्येक तासाच्या दोन खुणा लाइनदोरीने जोडा, तासरेषा सरळच असते. उंची २१० असेल तर सगळे आकडे १.०५ ने गुणा, १९० असेल तर ०.९५ ने. बारा फूट रुंद खोलीत, आरसा मध्यावर असेल तर सव्वादहा ते पावणेतीनपर्यंतचे घड्याळ छतावर मावते. त्याआधी आणि नंतर कवडसा बाजूच्या भिंतींवर उतरतो. नऊ आणि चारच्या रेषा साडेतीन मीटरच्या आसपास जातात, हॉल मोठा असेल तरच त्यांच्या मागे लागा.

एक गोष्ट सांभाळा. कागदावर आधी नकाशा काढून तो छताला डकवणार असाल तर पूर्व-पश्चिम उलटते, कारण कागद आपण वरून पाहतो आणि छत खालून. छतावरच दिशा लिहून आखले की हा घोळ होत नाही.

दुपारच्या सुमारास कवडसा मिनिटाला एक सें.मी. चालतो, दोननंतर दीड. म्हणून पाच-पाच मिनिटांच्या खुणा सहज मावतात. भाड्याचे घर असेल तर रंगाऐवजी रंगीत दोरा मास्किंग टेपने लावा.

प्रश्न : डिसेंबरअखेर घड्याळ चोख होते. फेब्रुवारीत ते चौदा मिनिटे मागे पडले. आरसा हलला का?
— एक वाचक, निपाणी

आरसा जागेवर आहे. पृथ्वीची कक्षा लंबगोल आहे आणि तिचा आस कललेला आहे, त्यामुळे खरा सूर्य वर्षभर एकसारख्या वेगाने चालत नाही. घड्याळ आणि सूर्य यांतल्या या फरकाला पंचांगवाले आणि खगोलवाले कालसमीकरण म्हणतात. आपल्या हंगामापुरते आकडे असे : ३ नोव्हेंबरच्या सुमारास कवडसा १६ मिनिटे पुढे, १ डिसेंबरला ११ पुढे, १५ ला ५ पुढे, २५ ला बरोबर, १ जानेवारीला ३ मागे, १५ ला ९ मागे, ११ फेब्रुवारीला १४ मागे, १ मार्चला साडेबारा मागे. पुढे असेल तर तेवढी मिनिटे वजा करायची, मागे असेल तर मिळवायची. एका कागदावर लिहून खिडकीशेजारी लावा, झाले.

ज्यांना बेरीज-वजाबाकी नको त्यांनी तासरेषा सरळ न आखता, मोबाइलवर बरोबर १२ वाजले की दर आठवड्याला एक ठिपका द्यावा. ऑक्टोबर ते डिसेंबर एक वक्ररेषा येते, आणि जानेवारी-फेब्रुवारीची परतीची रेषा वेगळी पडते : नोव्हेंबरच्या सुरुवातीला सरळ रेषेच्या सोळाएक सें.मी. पूर्वेला, फेब्रुवारीत चौदाएक सें.मी. पश्चिमेला. दोन रंग वापरा. दिसायला फार देखणे होते, पण सहा तासांच्या बारा वक्ररेषांनी छत गजबजते. एकट्या बाराच्या रेषेसाठी हे करावे, बाकीच्या सरळ ठेवाव्या, असे आमचे मत.

उलट, कोणाला आमचे आकडे न वापरता घड्याळावरूनच सरळ रेषा आखायच्या असतील तर हीच दुरुस्ती खुणा करताना वापरा. बाराच्या रेषेची खूण ३ नोव्हेंबरला ११:४४ ला करायची आणि ११ फेब्रुवारीला १२:१४ ला.

प्रश्न : खिडकीला गज आहेत. कवडसा मध्येच नाहीसा होतो, थोड्या वेळाने परत येतो. उपाय?
— एक वाचक, वडगाव

गज आरशापासून १५ सें.मी.वर असेल आणि आरसा ८ मि.मी.चा, तर १२ मि.मी.चा उभा गज दुपारी कवडसा मंद करायला लागल्यापासून पूर्ववत होईपर्यंत वीसेक मिनिटे जातात, त्यातली काही मिनिटे तो पूर्ण विझतो. आरसा गजांच्या बाहेर ठेवून उपयोग नाही, मग आत येणारा किरण अडतो. आरसा गजापेक्षा रुंद करा. १५ मि.मी.ची जागा उघडी ठेवली की १२ मि.मी.चा गज तिला पूर्ण झाकू शकत नाही. कवडसा मंदावतो, पण विझत नाही. तो काही मि.मी. बाजूला झुकलेला दिसेल, ती चूक अर्ध्या मिनिटाच्या आत राहते. डासांची जाळी मात्र उघडीच ठेवावी लागते. साध्या काचेतून चालते. खरखरीत किंवा नक्षीच्या काचेतून कवडसा येतच नाही.

प्रश्न : मार्चनंतर दुपारचा कवडसा दिसेनासा झाला. ऊन तर भरपूर आहे.
— एक वाचक, बेळगाव

ऊन भरपूर आहे, पण छज्जाच्या वर. २१ डिसेंबरला मध्यान्हाचा सूर्य आपल्याकडे क्षितिजापासून ५०.७ अंशांवर असतो, संपातदिनी ७४ अंशांवर, आणि मेच्या पहिल्या आठवड्यात व पुन्हा ८-९ ऑगस्टच्या सुमारास थेट डोक्यावर. त्या दोन तारखांच्या मधल्या काळात तो मध्यान्हाला उत्तरेकडे असतो. दक्षिणेच्या खिडकीत तेव्हा तो येणारच नाही.

तुमच्या खिडकीचा हंगाम आधीच काढता येतो. छज्जा ४५ सें.मी. पुढे आहे, भिंत नऊ इंची, आरसा तिच्या मध्यावर, छज्जाची खालची कड आरशापासून १२० सें.मी. वर असे धरा. आरशापासून छज्जाच्या टोकापर्यंत आडवे अंतर ५७ सें.मी. होते, म्हणजे सूर्य साडेचौसष्ट अंशांच्या खाली असेल तरच दिसतो. मध्यान्हाचा कवडसा मग साधारण १८ ऑक्टोबर ते २४ फेब्रुवारी मिळतो. तोच आरसा खोलीच्या आत ५ सें.मी. पुढे येईल असा कंसावर ठेवला, तर ओळंबा सोडणे सोपे जाते, पण हंगाम ५ नोव्हेंबर ते ६ फेब्रुवारी एवढाच उरतो, दोन्ही टोकांना अठरा-अठरा दिवस गेले. म्हणून आरसा भिंतीच्या जाडीतच ठेवा. छज्जा आधी मध्यान्ह खातो, सकाळ-दुपारचे कवडसे त्यानंतरही काही दिवस येतात. आपल्याकडे जून ते सप्टेंबर आभाळच झाकलेले असते, तेव्हा नुकसान वाटते तेवढे नाही. जातात ते मार्च-एप्रिल.

प्रश्न : आमची खिडकी पश्चिमेला आहे. वेगळे कोष्टक लागेल का?
— एक वाचक, चिकोडी

नाही. आरसा आडवा आहे तोवर छतावरचे जाळे तेच राहते. खिडकी कुठल्या बाजूला आहे यावर फक्त त्यातला कोणता तुकडा दिसणार हे ठरते. वरच्याच छज्जाने डिसेंबरात तुम्हाला कवडसा दोनच्या सुमारास मिळू लागेल आणि चारपर्यंत साडेतीन मीटर आत जाईल. पश्चिमेच्या खिडकीचा मोठा गुण असा की ती एप्रिल-मेमध्येही चालते. तेव्हा कवडसा आरशाच्या दक्षिणेला उतरतो. दुपारी तीनची रेषा (उंची २०० सें.मी.) डिसेंबरात उत्तरेला १९५ सें.मी.वर संपते, तर जूनमध्ये दक्षिणेला ४५ सें.मी.वर, पूर्वेला १३६. म्हणून आरसा खिडकीच्या दक्षिण टोकाकडे ठेवा, उत्तरेला दोन-अडीच मीटर आणि दक्षिणेला पाऊण मीटर मोकळे छत हवे.

पूर्वेच्या खिडकीला हेच सकाळसाठी लागू. उत्तरेच्या खिडकीचा नाद सोडा. २१ जूनला मध्यान्हाचा सूर्य उत्तरेला ८२ अंशांवर असतो, छज्जा त्याला आत येऊ देत नाही.

प्रश्न : घर कौलारू आहे, सपाट छत नाही. काही करता येईल?
— एक वाचक, खानापूर

कौलांवर आणि वाशांवर कवडसा उड्या मारत जातो, रेषा जुळत नाहीत. माळ्याच्या फळ्या खालून सपाट असतील तर तेच छत समजा. नाहीतर ८ बाय ४ फुटांचा सहा मि.मी.चा प्लाय (वजन दहाबारा किलो) पांढरा रंगवून, आरशापासून २०० सें.मी. उंचीवर वाशांना टांगा. लांब बाजू पूर्व-पश्चिम, खिडकीकडची कड संपातरेषेवर. एवढ्या एका प्लायच्या जागेत ११ ते २ च्या रेषा पूर्ण मावतात. प्लायची पातळी पारदर्शक नळीत पाणी भरून चारही कोपऱ्यांना तपासा. कापड ताणण्याच्या भानगडीत पडू नका, मध्ये झोल येतो आणि तो दमट हवेत बदलत राहतो.

प्रश्न : संक्रांतीला कवडसा परत फिरतो, अशी खूण छतावर करायची आहे. कुठे करू?
— नववीतला एक विद्यार्थी, बेळगाव

परत फिरतो तो २१-२२ डिसेंबरला, १६४ सें.मी.च्या खुणेपासून. १४ जानेवारीला मध्यान्हाचा कवडसा १५१-१५२ सें.मी.वर असतो, म्हणजे तोवर बारा सें.मी. खिडकीकडे आलेला असतो. दोन्ही खुणा करा आणि मधले अंतर वर्गात दाखवा. १९-२० फेब्रुवारीला तो १०३ सें.मी.च्या आसपास येतो आणि रोज दीड सें.मी. सरकतो, त्या दिवसांत तारीखही छतावर वाचता येते. मध्यान्हाची वेळ दर दिवशी वरच्या दुरुस्तीप्रमाणे बदला.

प्रश्न : निपाणी आणि कारवारला हेच आकडे चालतील का?
— दोन वाचक

निपाणीला जवळपास चालतील. २०० सें.मी. उंचीला डिसेंबरातला मध्यान्ह १६७ वर, संपातरेषा ५९ वर, वेळेत अर्ध्या मिनिटाचाच फरक (सरासरी मध्यान्ह साडेबत्तीस मिनिटांनी). कारवार दक्षिणेला आणि थोडे पश्चिमेला आहे : १५८ आणि ५३, सरासरी मध्यान्ह १२ वाजून साडेतेहतीस मिनिटांनी. तिथे सगळ्या तासरेषा दीड मिनिट मागे-पुढे करण्यापेक्षा पाटीवर तेवढी दुरुस्ती लिहिणे सोपे.

प्रश्न : लहान मुले आहेत, धोका नाही ना? आणि पावसाळ्यात आरसा काढून ठेवावा का?
— एक वाचक, शहापूर

आरशात वाकून सूर्य पाहायचा नाही, एवढे मुलांना पक्के सांगा. दुपारचा किरण खिडकीपासून अर्ध्या मीटरच्या आतच डोक्याच्या वर गेलेला असतो. सकाळी सूर्य पंधरा अंशांवर असताना मात्र तो खोलीच्या मध्यावर उभ्या माणसाच्या डोळ्यांत येतो, म्हणून पूर्वेच्या खिडकीतला आरसा आठ-साडेआठपर्यंत झाकलेला बरा. दाढीचा किंवा मेकअपचा, चेहरा मोठा दाखवणारा अंतर्वक्र आरसा कधीही वापरू नका. तो ऊन एका जागी गोळा करतो, पडदा पेटू शकतो.

पावसाळ्यात आरसा काढू नका, पुन्हा तसाच बसत नाही. आरशामागचा थर कडेने ओल धरून काळा पडतो, म्हणून बसवण्याआधी चारही कडांना आणि पाठीला नेलपॉलिशचे दोन हात द्या. मेअखेरीस डबीचे झाकण उपडे घालून कडेने टेप लावा. ऑक्टोबरात उघडल्यावर ओल्या कापसाने, न दाबता पुसा आणि पाण्याची परीक्षा एकदा पुन्हा घ्या. प्लायवूडची बैठक चार महिन्यांच्या ओलीने फुगलेली असते. ग्रॅनाइटचा तुकडा मिळाला तर तोच वापरा, बोल्टांची भोके पाडून घ्यायला दगडवाल्याकडे जावे लागेल एवढेच.